‘त’वरून ताकभात ओळखू नका

तोतरा, बोबडा, तोदलु: अडखळत्या बोलण्याची नावे आणि त्यामागची यंत्रणा

बेळगावच्या खडेबाजारात मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि हिंदी अशा चार बोली एकाच गल्लीत कानावर पडतात. बोलताना अडखळणाऱ्या माणसाला या बोलींत काय म्हणतात, असे विचारले तर पहिले उत्तर सोपे वाटते. मराठीत तो ‘तोतरा’. कन्नडमध्ये त्याच्या बोलण्याला ‘तोदलु’ म्हणतात, शिवाय ‘उग्गु’ हा आणखी एक शब्द आहे. हिंदीत ‘तोतला’ आहे. तीन भाषांत तीन मिळतेजुळते शब्द, म्हणजे अर्थही एकच असणार, असे कोणालाही वाटेल. पण हिंदी बोलणारा लगेच दुरुस्ती करतो: तोतला म्हणजे ‘रोटी’ला ‘लोती’ म्हणणारे लहान मूल, अडखळणाऱ्याला आम्ही ‘हकला’ म्हणतो. कन्नडमधला ‘तोदलु’ दोन्हीकडे चालतो. अडखळणे म्हणजे तोदलु, आणि तान्ह्या मुलाचे गोड बोल म्हणजेही ‘तोदलनुडी’. दूर बंगालीत गेलो तर ‘तोतला’ म्हणजे पुन्हा अडखळणाराच. आवाज जवळजवळ तोच राहतो, पण गाव बदलले की अर्थ बदलतो.

हा केवळ शब्दकोशातला गमतीचा भाग असता तर सोडून देता आला असता. पण याच शब्दांवरून घरात निदान होते, शाळेत टोपणनाव पडते आणि लग्नाच्या बैठकीत मत बनते. ‘अजून बोबडं बोलतोय, होईल नीट’ असे म्हणून एखाद्या मुलाकडे दुर्लक्ष होते, तर ‘तोतरा आहे’ म्हणून दुसऱ्याला कायमचे गप्प बसवले जाते. म्हणून हे शब्द कसे बनले, त्यांत नेमके काय सांगितले जाते आणि काय राहून जाते, हे पाहणे उपयोगाचे आहे. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: मोडक्या बोलण्याचे बारीक प्रकार ओळखणारे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. मात्र ते सगळे ऐकणाऱ्याच्या कानाने घडवले आहेत, बोलणाऱ्याच्या आत काय चालते ते त्यांत नाही. ही उणीव लक्षात न घेता शब्द वापरला की तो चुकीच्या माणसाला चिकटतो.

शब्द घडले कानात

‘तोतरा’ हा शब्द नीट ऐका. त्यात ‘त’ दोनदा येतो. ‘बोबडा’मध्ये ‘ब’ दोनदा, ‘चाचरणे’मध्ये ‘च’ दोनदा. ‘त त प प करणे’ या वाक्प्रचारात तर नक्कल उघडच आहे. जे ऐकू आले त्याचीच आवृत्ती करून हे शब्द बनले आहेत, जसे पाण्याच्या आवाजावरून ‘खळखळ’ आणि पानांच्या आवाजावरून ‘सळसळ’. अशा शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. दूरच्या भाषांनीही हाच मार्ग धरला. लॅटिनमध्ये अडखळणाऱ्याला ‘बाल्बुस’ म्हणत, ग्रीकमध्ये तोतरे बोलण्याला ‘बात्तारिझो’ हे क्रियापद होते. दूरदूरच्या लोकांनी एकच युक्ती वापरली, कारण ऐकणाऱ्याचा कान सगळीकडे सारखाच असतो.

या युक्तीला एक वाईट वळणही आहे. ज्याची भाषा कळत नाही त्याचे बोलणेही कानाला तसेच अडखळते, एकाच आवाजाचे वाटते. ग्रीकांना परक्यांचे बोलणे ‘बर बर’ असे ऐकू येई, म्हणून परका तो ‘बार्बारोस’ झाला. संस्कृतातला ‘बर्बर’ हा शब्दही परक्यासाठी वापरला गेला, आणि ‘म्लेच्छ’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ अस्पष्ट बोलणे असाच आहे. मराठीतही त्याची सावली आहे. विठ्ठलाला लावलेल्या ‘कानडा’ या विशेषणाचे अभ्यासक दोन अर्थ लावतात: कन्नड देशीचा, आणि सहज न उमगणारा. शेजाऱ्याची भाषा आणि न उमगणे या दोन गोष्टी एकाच शब्दात मावल्या. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही. येथे प्रत्येक जण कोणाच्या तरी कानाला अडखळणाराच असतो.

कानाने घडवलेल्या शब्दाला एक मर्यादा असते. रस्त्यात बंद पडलेली मोटारसायकल बघणाऱ्याला फक्त ‘बंद पडली’ एवढेच दिसते. पेट्रोल संपले, प्लग खराब झाला की क्लच वायर तुटली, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बोलणे तुटले हे कानाला कळते. कुठे तुटले ते कळत नाही.

शब्दकोशात भेद आहेत, वापरात राहिले नाहीत

आजचे वाचाविज्ञान बोलण्यातल्या अडचणींची ढोबळ चार खात्यांत विभागणी करते. पहिले खाते ओघाचे: अक्षरे बरोबर, पण ओघ तुटतो. दुसरे उच्चाराचे: ओघ अखंड, पण एका ध्वनीच्या जागी दुसरा येतो. तिसरे नादाचे: हवा तोंडाऐवजी नाकातून निसटते. चौथे खुद्द आवाजाचे: स्वरयंत्रातून निघणारा सूरच बिघडलेला असतो. आता मराठी शब्द या खात्यांत घालून पाहा. तोतरा हा ओघाचा, बोबडा हा उच्चाराचा, गेंगाणा हा नादाचा, आणि घोगरा किंवा बसका हा आवाजाचा. चारही खात्यांसाठी वेगळा शब्द आहे, तोही गावातल्या माणसाच्या तोंडचा. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात तोतरा आणि बोबडा या स्वतंत्र नोंदी आहेत. त्याहून कितीतरी जुन्या सुश्रुतसंहितेत वाचेच्या विकारांत मूक, मिन्मिन आणि गद्गद असे तीन प्रकार सांगितले आहेत. ते ढोबळमानाने आपले मुका, गेंगाणा आणि अडखळणारा. ‘गद्गद’ हा शब्द पुढे भावनेने कंठ दाटण्यापुरता उरला आणि त्याचा वैद्यकीय अर्थ विसरला गेला.

बोबडा आणि तोतरा यांतला फरक लोककथेनेही जपला आहे. बोबडकांद्या बहिणींची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पाहायला पाहुणे येणार म्हणून आई मुलींना तोंड उघडू नका असे बजावते, आणि ऐन वेळी त्या बोलून जातात. त्या बहिणी अडखळत नाहीत. त्या सरळ, भरभर, न थांबता बोलतात, फक्त अक्षरे बदलून. गोष्टीतला सगळा विनोद या बदललेल्या अक्षरांवर उभा आहे. म्हणजे ज्या आजीने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, तिला बोबडे आणि तोतरे यांतला फरक पक्का ठाऊक होता. आज मात्र आपण दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो.

यावर एक आक्षेप येणे साहजिक आहे: लोकांना समजते ना, मग इतका काटेकोरपणा कशाला? उत्तर असे की उपाय वेगळे आहेत. तीन वर्षांच्या मुलाने ‘काका’ला ‘ताता’ म्हणणे हा भाषा शिकण्याचा नेहमीचा टप्पा असतो. ‘र’सारखे अवघड ध्वनी तर त्यानंतर बऱ्याच उशिराने बसतात. शाळेत जाण्याच्या वयानंतरही ध्वनी बसला नाही तर जिभेची जागा दाखवून, आरशासमोर सराव करून तो शिकवता येतो. गेंगाण्या बोलण्यामागे टाळूतली फट असू शकते, तिथे शस्त्रक्रिया लागते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर घसा तपासून घ्यावा लागतो. आणि प्रौढ माणसाचे बोलणे एकाएकी जड झाले, सोबत तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर तो लकवा असू शकतो. तिथे ‘जीभ अडखळतेय, थोडं पडू दे’ असे म्हणण्यात गेलेला प्रत्येक तास मेंदूला महाग पडतो, कारण मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कायदाही हे भेद करतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगतेची व्याख्या करताना स्वरयंत्र काढून टाकणे आणि मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवणे अशी कायमस्वरूपी उदाहरणे दिली आहेत. एकाच ‘अडखळतो’ या शब्दाखाली हे सगळे कोंबले तर कोणाला कुठे न्यायचे हेच ठरत नाही.

तोतरे बोलताना आत काय घडते

आता चारपैकी पहिल्याच खात्याकडे वळू, कारण गैरसमज सर्वांत जास्त तिथेच आहेत. तोतरेपणाची तीन रूपे असतात. एक, अक्षर पुन्हा पुन्हा येणे: ‘पा-पा-पा-पाणी’. दोन, ध्वनी लांबणे: ‘सssसकाळी’. तीन, आवाजच न निघणे: तोंड शब्दाच्या आकारात उघडलेले, पण आतून काहीच बाहेर येत नाही. बाहेरच्याला पहिले रूप ठळक ऐकू येते, म्हणून भाषेने त्याचीच नक्कल केली. बोलणाऱ्याला मात्र अनेकदा तिसरे रूप सर्वांत जाचक असते, आणि त्याला मराठीत वेगळा शब्दच नाही. जे ऐकूच आले नाही त्याचे अनुकरण कान कसे करणार?

हे का घडते ते समजण्यासाठी निपाणीच्या एखाद्या घरात विड्या वळणाऱ्या बाईचे हात डोळ्यांसमोर आणा. कापलेले पान उचलायचे, तंबाखू पसरायचा, पान वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर मिळते, तेव्हा प्रत्येक विडीला विचार करून चालत नाही. हात एक क्रिया करत असतानाच पुढच्या क्रियेची तयारी झालेली असते. बोलणे हे असेच, पण कितीतरी वेगवान हस्तकौशल्य आहे. छातीतून हवा सोडणे, स्वरयंत्रातल्या पडद्यांना कंप देणे, जीभ, ओठ, जबडा आणि टाळू योग्य जागी नेणे, यासाठी शंभराच्या आसपास स्नायू एकमेकांच्या तालात चालतात आणि सेकंदाला दहा-बारा ध्वनी बाहेर पडतात. यात प्रत्येक क्रिया येणे पुरेसे नसते, ती नेमक्या क्षणी सुरू व्हावी लागते.

ही सुरुवात करून देण्याची खूण मेंदूच्या आतल्या केंद्रांकडून येते. मिरज-लोंढा मार्गावर एकेरी रूळ होता तेव्हाची गाडी आठवा. इंजिन तयार आहे, चालकाला रस्ता पाठ आहे, डबे जोडलेले आहेत, पण पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण मिळेपर्यंत गाडी फलाट सोडत नाही. तोतरे बोलणाऱ्याच्या मेंदूत शब्द तयार असतो. अर्थ, व्याकरण, उच्चार सगळे त्याला ठाऊक असते. पुढच्या अक्षराला ‘सोड’ म्हणणारी खूण मात्र क्षणभर उशिरा किंवा डळमळीत येते. मेंदूच्या छायाचित्रांच्या अभ्यासांत बोलण्याच्या हालचाली आखणाऱ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये आणि खोलवरच्या केंद्रांच्या कामात असे फरक दिसले आहेत. म्हणूनच अडखळण बहुधा शब्दाच्या पहिल्या ध्वनीवर होते. गाडी धावू लागली की धावते, अडते ती सुटताना.

या चित्रावरून एक जुने कोडे सुटते. वर्गात हजेरीला स्वतःचे नाव न सांगता येणारा मुलगा संध्याकाळी आरती खणखणीत म्हणतो, भजनात टाळकऱ्यांबरोबर अभंग अखंड गातो. मग सकाळी तो नाटक करत होता काय? तसे नसते. गाण्यात आणि समूहाने म्हणण्यात प्रत्येक अक्षराची वेळ बाहेरून मिळते: मृदंगाची थाप, सोबत्यांचा आवाज, चालीचा ठेका. आतली खूण कच्ची असली तरी बाहेरची खूण ते काम करते. याची उलट बाजूही प्रयोगात दिसली आहे. १९५० मध्ये बर्नार्ड ली यांनी दाखवले की नीट बोलणाऱ्या माणसाला स्वतःचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा कानात ऐकवला, तर तो अक्षरे लांबवू लागतो, अडखळू लागतो. तोच उशिराचा आवाज तोतरे बोलणाऱ्या पुष्कळांना मात्र मदत करतो. बोलण्याचा ओघ वेळेच्या मेळावर उभा आहे, हे यातून स्पष्ट होते.

मग हा दोष येतो कुठून? जिभेतून नक्कीच नाही. १८४१ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेचा तुकडा कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतून रुग्णांना यातना मिळाल्या, ओघ मिळाला नाही. आपल्याकडे मुलाला वेखंड उगाळून चाटवतात. वेखंडाचे संस्कृत नाव ‘वचा’, म्हणजे नावातच वाणी आहे. पण नाव वाणीचे असले म्हणून गुण वाणीला येतो असे नाही, आणि चाटण मेंदूतल्या वेळेच्या मेळापर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. पुरावा आहे तो आनुवंशिकतेचा. तोतरेपणा घराण्यात फिरतो हे जुने निरीक्षण आहे. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून काही रुग्णांत विशिष्ट जनुकांमधले बदल सापडले. ही जनुके पेशीतल्या टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेशी संबंधित आहेत. सगळ्या तोतरेपणाचे कारण त्यात नाही, पण हा शरीराचा विषय आहे, स्वभावाचा नव्हे, एवढे त्यातून ठामपणे म्हणता येते.

भीती आधी की अडखळणे आधी

‘बोबडी वळणे’ हा वाक्प्रचार मराठीत घट्ट रुजला आहे. वाघ पाहून, साहेब पाहून, पोलीस पाहून माणसाची बोबडी वळते. यातून नकळत एक समीकरण शिकवले जाते: जो अडखळतो तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेला आहे म्हणजे काही लपवतो आहे. तोतरा आणि तोतया या शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि व्यवहारात अनेकदा तोतऱ्याला तोतया समजूनच उलटतपासणी होते. नोकरीच्या मुलाखतीत, तपासणी नाक्यावर, बँकेच्या खिडकीशी नाव सांगताना थांबणारा माणूस संशयास्पद ठरतो. स्वतःचे नाव हा मात्र तोतरे बोलणाऱ्यांसाठी हमखास अवघड शब्द असतो, कारण त्याला पर्यायी शब्द वापरून वळसा घालता येत नाही.

येथे प्रामाणिक आक्षेप असा की ताणाखाली तोतरेपणा वाढतो, हे तर दिसतेच. हो, वाढतो. पण वाढणे वेगळे आणि निर्माण होणे वेगळे. पावसात गळणारे छप्पर पाहून पावसाने भोक पाडले असे आपण म्हणत नाही. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, ज्या वयात मुलाला साहेबही माहीत नसतो आणि मुलाखतही. साधारण वीसातल्या एका मुलात तो काही काळ दिसतो. त्यांपैकी चारातल्या तिघांचा आपोआप किंवा थोड्या मदतीने जातो आणि प्रौढांत शंभरात एकाच्या आसपास उरतो. मोठेपणी स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो सुमारे चौपट आढळतो. भीती नंतर येते. हसे होईल, शब्द अडेल, लोक तोंडाकडे पाहतील, या अनुभवांतून ती साचत जाते. मग तिच्यामुळे डोळे मिटणे, मान झटकणे, अवघड शब्द टाळणे अशा सवयी चिकटतात. म्हणजे वाक्प्रचाराने कार्याला कारण ठरवले. ‘घाबरू नकोस, सावकाश बोल, श्वास घे’ हा सल्ला म्हणूनच चुकीच्या ठिकाणी लागतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला ‘तू घाबरट आहेस’ असेच ऐकू येते.

दोन भाषांचा भार?

सीमाभागात यापुढचा समज खास आहे: घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, या ओढाताणीत मूल तोतरे होते, म्हणून एकच भाषा ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथे भाषा हा घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला प्रश्न आहे. त्यामुळे मुलाच्या अडखळण्याचा दोष दुसऱ्या भाषेवर टाकण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. पण दोन भाषांमुळे तोतरेपणा निर्माण होतो असे सिद्ध झालेले नाही. जगातला फार मोठा जनसमूह दोन किंवा अधिक भाषा बोलतो. भाषांची संख्या हे कारण असते, तर सगळा सीमाभाग एव्हाना तोतरा व्हायला हवा होता. ज्याला खरोखर तोतरेपणा आहे तो बहुधा आपल्या दोन्ही भाषांत अडखळतो, एकीत थोडा कमी, दुसरीत थोडा जास्त. गाडी मराठी असो की कन्नड, खूण देणारा तोच.

मग दोन भाषांत वाढणारी मुले जास्त थांबताना का दिसतात? कारण ती शब्द शोधत असतात. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते: पुरुष, स्त्री आणि बाकी सगळे नपुंसक. मराठीत मात्र खुर्ची स्त्रीलिंगी, पंखा पुंल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी, आणि त्यामागे तर्क शोधू गेले तर सापडत नाही. कन्नड घरातले मूल मराठी बोलताना ‘तो... ती... ते खुर्ची’ असे चाचपडते, तेव्हा ते व्याकरणाच्या दुकानात योग्य माप शोधत असते. मराठीत ‘चाक’ किंवा ‘चूल’ यांतला दंततालव्य ‘च’ कन्नडमध्ये नाही, म्हणून तो तालव्य होतो. हे बोबडेपण नाही, हा केवळ हेल. पु. ल. देशपांडे यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्राने बेळगावी मराठीची लय सगळ्या महाराष्ट्राच्या कानात बसवली, आणि ‘पण’ऐवजी येणारे बेळगावचे ‘खरं’ कोणाला दोष वाटत नाही, ओळख वाटते.

शोधणे आणि तोतरेपणा ओळखायची एक सोपी खूण आहे. शोधणारा शब्दाच्या आधी थांबतो, आणि त्या जागी ‘म्हंजे’, ‘ते हे’ असे टेकू लावतो. तोतरे बोलणारा शब्दाच्या आत अडतो, पहिल्याच ध्वनीवर, आणि कोणता शब्द हवा हे त्याला पक्के ठाऊक असते. एकात अख्खा शब्द पुन्हा येतो, ‘मला मला पाणी’. दुसऱ्यात शब्दाचा तुकडा येतो, ‘पा-पा-पाणी’. पहिला प्रकार सगळ्या लहान मुलांत असतो. दुसरा वारंवार दिसू लागला, सहा महिन्यांहून जास्त टिकला, त्यासोबत चेहऱ्यावर ताण दिसला किंवा घरात कोणाला तोतरेपणा असला, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे. कर्नाटकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहेत.

नाव काय करते, काय करत नाही

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना तुम्ही तोतरे बोलता असे सतत सांगण्यात आले. जॉन्सन यांचा समज होता की तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, पालकांच्या कानात सुरू होतो. ती मुले काही तोतरी झाली नाहीत, पण बुजली, कमी बोलू लागली, शब्द तोलून बोलू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्या निर्दयी प्रयोगातून शब्दाच्या ताकदीचे खरे माप मात्र कळते. नाव ठेवल्याने तोतरेपणा जडत नाही, पण मौन जडते.

मग ‘तोतरा’ हा शब्दच टाळावा काय? तसे करून काही साधत नाही. शब्द गाळला की विषयही गाळला जातो, आणि मूल समजते की आपल्यात काहीतरी उच्चारण्याच्या लायकीचेही नाही असे आहे. फरक करायचा तो व्याकरणात. ‘तो तोतरा’ म्हटले की विशेषण माणसाचे नाव बनते. ‘तो बोलताना अडखळतो’ म्हटले की ती त्याची एक क्रिया राहते, आणि माणूस तिच्याहून मोठा उरतो. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच दिवशी केरळ राज्य जन्माला आले, आणि १९५७ मध्ये त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ई. एम. एस. नंबुद्रीपाद. ते आयुष्यभर अडखळत बोलले, आणि तरी निवडणुका लढवल्या, सभा घेतल्या, विधानसभेत उत्तरे दिली. त्यांचे ऐकायला लोक थांबले, म्हणून त्यांना काय म्हणायचे होते ते कळले.

थोडक्यात
• तोतरा: ओघ तुटतो. बोबडा: ध्वनी बदलतो. गेंगाणा: हवा नाकातून जाते. घोगरा, बसका: आवाज बिघडतो. चारही वेगळे, उपायही वेगळे.
• तोतरेपणा जिभेचा किंवा भित्रेपणाचा दोष नाही. मेंदूतल्या वेळेच्या मेळाशी त्याचा संबंध आहे आणि तो घराण्यात फिरतो.
• दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही. शब्द शोधताना थांबणे हा भाषा शिकण्याचा भाग आहे.
• प्रौढाचे बोलणे एकाएकी जड झाले तर तातडीने रुग्णालय गाठा.

‘त’वरून ताकभात ओळखणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. इतर सगळीकडे ही हुशारी चालेल, तोतरे बोलणाऱ्यासमोर ती आवरावी. त्याचा शब्द आपण पुरा केला तर त्याची वाक्ये आपली होतात, आणि पुष्कळदा चुकीची होतात, कारण त्याला कदाचित तांदूळ म्हणायचे असते. समोरचा अडला की नजर न वळवता, सल्ला न देता, घड्याळाकडे न बघता थांबा. तो शब्द त्याचा आहे, तो त्यालाच पुरा करू द्या.